जुने रिव्हॉल्व्हर: आधी कागद, मग किंमत

दुसरबीडसारख्या गावातल्या परवानाधारकाला जुने रिव्हॉल्व्हर स्वस्तात मिळाले, तरी निर्णय केवळ किमतीवर घेऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार विक्रेत्याला आपल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. ओळखीतल्या व्यवहारात एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. पण ओळख ही परवान्याची जागा घेत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगण्याला २ ते ५ वर्षे कैद आहे, आणि सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. म्हणून शस्त्रावरचा क्रमांक विक्रेत्याच्या परवान्याशी जुळवावा, नळी आणि चक्री जाणकाराकडून तपासून घ्यावी. मगच भावाचे बोलावे.