नापास ठरलेले माणिक

१९५९च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या शावांगा लॉज इथे भौतिकशास्त्रज्ञांची एक परिषद भरली होती. सूक्ष्मलहरींचे वर्धन करणारे ‘मेझर’ हे यंत्र तोवर तयार झाले होते. आता तीच करामत प्रकाशावर कशी साधायची, याची खलबते चालली होती. बेल लॅबच्या आर्थर शॉलो यांच्या शब्दाला या विषयात वजन होते. आदल्याच वर्षी त्यांनी आणि त्यांचे मेहुणे चार्ल्स टाउन्स यांनी अशा यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला होता. फिकट गुलाबी माणिक या कामाला उपयोगी नाही, असे शॉलोंनी परिषदेत सांगून टाकले.

आठ महिन्यांनी, १६ मे १९६० रोजी, जगातला पहिला लेझर चालला तो फिकट गुलाबी माणकावरच. गंमत अशी की शॉलोंचा आक्षेप खोटा नव्हता. माणकात खोट होती, ती आजही आहे. ती खोट नेमकी कोणती आणि तिच्यातून वाट कशी निघाली, हे पाहायचे तर माणकाच्या पोटात शिरायला हवे.

माणिक म्हणजे मुळात कुरुंद, अर्थात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. शुद्ध कुरुंदाला रंग नसतो. काही अ‍ॅल्युमिनियमच्या जागी क्रोमियम जाऊन बसले की रंग चढतो. लेझरच्या माणकात क्रोमियम ऑक्साइड वजनाने शेकडा ०.०५ इतकेच असते, म्हणून ते अंगठीतल्या खड्यासारखे लालभडक न दिसता गुलाबी दिसते. हे माणिक खाणीतले नसते, कारखान्यात वाढवलेले असते. त्याची एक रीत ऑग्युस्त व्हर्नई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली जाहीर केली: अ‍ॅल्युमिनाची बारीक भुकटी हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. ती वितळून थेंबाथेंबाने साचते आणि स्फटिक वाढत जातो.

पुढचा सगळा खेळ क्रोमियमचा. हिरवा किंवा जांभळट प्रकाश पडला की क्रोमियमचे अणू तो गिळतात आणि वरच्या ऊर्जापातळीवर जातात. तिथे ते टिकत नाहीत. थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने स्फटिकाला देऊन क्षणार्धात जरा खालच्या पातळीवर उतरतात आणि तिथे मात्र सरासरी ३ मिलिसेकंद रेंगाळतात. आपल्याला हा वेळ जाणवणारही नाही, पण अणूंच्या हिशेबात हा लांबलचक मुक्काम झाला. मग ते मूळ पातळीवर येतात आणि येताना ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश सोडतात. प्रत्येक अणू आपापल्या वेळी, वाटेल त्या दिशेला. हिरव्या प्रकाशात माणिक लाल उजळते ते यामुळेच. हा लेझर नव्हे.

अणूकडून प्रकाश मिळवण्याचा दुसरा मार्ग आइन्स्टाइन यांनी १९१६-१७ मध्ये कागदावर मांडला होता. वर रेंगाळणाऱ्या अणूजवळून त्याच रंगाचा एखादा फोटॉन गेला, तर तो अणू आपली पाळी येण्याची वाट न पाहता आपला फोटॉन सोडून देतो. हा नवा फोटॉन त्याच तरंगलांबीचा, त्याच दिशेचा आणि त्याच ठेक्यातला असतो. दिंडीत पुढच्या टाळकऱ्याने धरलेला ठेका मागच्यांनी उचलत जावा, तसा एकाचा ठेका दोघांत, दोघांचा चौघांत पसरत जातो. स्फटिकाची दोन्ही टोके एकमेकांना समांतर घासून त्यांवर आरसे बसवले की अक्षाला धरून चालणारा प्रकाश पुन्हा पुन्हा मागे फिरतो आणि दर फेरीला वाढतो. तिरका गेलेला बाजूने निसटून जातो. लेझरचा झोत सरळ आणि निमुळता असतो त्याचे मूळ इथे आहे.

आता माणकाची खोट. तोच लाल फोटॉन मूळ पातळीवरच्या अणूला भेटला, तर तो अणू त्याला गिळून टाकतो. म्हणजे खाली जितके अणू असतील त्यांपेक्षा जास्त वर असायला हवेत. ज्या पदार्थांत प्रकाश देणारी उतरण मधल्या एखाद्या रिकाम्या पातळीवर संपते, तिथे थोडे अणू वर चढवले तरी भागते. माणकात मात्र ती थेट मूळ पातळीवर संपते आणि एरवी जवळजवळ सगळे क्रोमियम तिथेच बसलेले असते. एका घन सेंटीमीटरमध्ये हे अणू दीड लाख कोटी कोटींच्या आसपास. त्यांतले निम्म्याहून जास्त वर उचलल्याशिवाय फायद्याचा पहिला पैसाही दिसत नाही. शॉलोंनी माणकाला नापास केले ते यासाठी.

त्यात अर्विन वीडर यांच्या मोजणीची भर पडली. माणकाने गिळलेल्या प्रकाशापैकी जेमतेम शेकडा एक भाग लाल होऊन बाहेर येतो, असे त्यांचे आकडे सांगत होते.

कॅलिफोर्नियात मालिबू इथल्या ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये काम करणाऱ्या थिओडोर मेमन यांच्या गळी हा आकडा उतरेना. माणकाशी त्यांची जुनी ओळख होती. माणकावर चालणारा, दोन टनांहून जड असलेला मेझर त्यांनी काही किलोंवर आणला होता. शंभरातले नव्व्याण्णव भाग हरवत असतील तर ते जातात कुठे, हे शोधायला त्यांनी स्वतः मोजणी केली. उत्तर आले शेकडा सत्तरच्या वर. ज्या आकड्यावर सगळे विसंबले होते, तोच चुकीचा होता.

एक आक्षेप असा गळून पडला. निम्मे अणू उचलण्याचा आक्षेप मात्र खरा होता आणि तेवढा प्रखर प्रकाश सतत देणारा दिवा मिळणे मुश्कील होते. इथे मेमन यांनी प्रश्नच बदलला. झोत अखंड कशाला हवा? एकदा लखकन चमकला तरी सिद्ध व्हायचे ते होईल. बेल लॅबला सतत चालणारे यंत्र हवे होते. टीआरजी या कंपनीला तर याच कामासाठी पेंटॅगॉनकडून जवळपास १० लाख डॉलर मिळाले होते. मेमन यांनी छायाचित्रणासाठी बनणारे झेनॉनचे फ्लॅश पाहायला घेतले आणि जनरल इलेक्ट्रिकच्या यादीतून स्प्रिंगसारखी वळलेली एक काचनळी निवडली. माणिक त्या वेटोळ्याच्या मधोमध बसत होते. सुमारे १ सेंटीमीटर जाडीची आणि २ सेंटीमीटर लांबीची कांडी, टोकांवर चांदीचा मुलामा, एका टोकाच्या मुलाम्यात प्रकाश बाहेर यायला बारीक भोक, आणि भोवती आतून चकचकीत केलेली अ‍ॅल्युमिनियमची नळी. सगळे यंत्र तळहातावर मावेल एवढे.

१६ मेच्या दुपारी मेमन आणि त्यांचे सहायक अर्नी डीहेनन्स फ्लॅशचा व्होल्टेज पायरीपायरीने चढवत होते. समोर ऑसिलोस्कोप. दर चमकीला पडद्यावर लाल प्रकाशाची रेषा वर जाई आणि ३ मिलिसेकंदांच्या संथ उतारावरून खाली येई. हे अणू अजून आपल्या मर्जीनेच खाली येत होते. व्होल्टेज ९५०च्या पुढे गेला आणि रेषा उसळून उंच गेली, तिचा उतारही एकदम तीव्र झाला. रेंगाळणाऱ्या अणूंना आता ३ मिलिसेकंद थांबण्याची मुभा राहिली नव्हती. लेझर सुरू झाल्याची ही खूण.

‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ने मेमन यांचा निबंध परत पाठवला. तो छोटासा लेख ६ ऑगस्टला ‘नेचर’मध्ये आला. त्याआधी, ७ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये पत्रकार परिषद झाली आणि वर्तमानपत्रांनी ‘मृत्युकिरण’ गाजवले. छायाचित्रकाराला खरे यंत्र फारच चिमुकले वाटले, म्हणून त्याने मेमन यांच्या हाती मोठी फ्लॅशनळी आणि मोठे माणिक दिले. ते छायाचित्र पाहून इतर प्रयोगशाळांनी आपली यंत्रे तशीच मोठी बांधली, आणि तीही चालली.

पुढची काही वर्षे माणकाची होती. १९६१च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात डोळ्याच्या पडद्यावरची गाठ माणकाच्या लेझरने जाळण्यात आली. त्याच सुमारास आरशांमधला मार्ग क्षणभर अडवून, ऊर्जा साठवून, एकदम मोकळी सोडण्याची युक्ती सापडली. चमक नॅनोसेकंदांत आटोपू लागली आणि तिची शक्ती कोट्यवधी वॅटवर गेली. झोताचा जोर मोजायला प्रयोगशाळांत ‘जिलेट’ हे थट्टेचे परिमाण चाले: एका चमकीत दाढीची किती पाती भोकसली, तेवढे जिलेट. अपोलो ११च्या चांद्रवीरांनी ठेवलेल्या परावर्तकावरून १ ऑगस्ट १९६९ रोजी लिक वेधशाळेला परतलेला प्रकाशही माणकाचाच होता. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो, हे अशाच मोजण्यांतून पक्के झाले.

पण निम्म्याचा भार काही सुटला नाही. दिव्यात ओतलेल्या विजेतला शेकडा एक भागही झोतात उतरणे कठीण, बाकीची उष्णता. म्हणून दोन चमकींमध्ये माणकाला निवू द्यावे लागे. १९६० सरता सरता हेलियम-निऑनचा अखंड झोत आला, १९६४ साली निओडिमियम-याग या स्फटिकाचा लेझर आला. यागमधली उतरण मधल्या, रिकाम्या पातळीवर संपते. कातडीच्या दवाखान्यातही हाच फरक दिसतो. गोंदण काढायला माणकाचा लेझर नामी, पण त्याचा लाल प्रकाश त्वचेतले मेलॅनिनही गिळते. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरे डाग पडण्याची भीती राहते, म्हणून डॉक्टर सहसा यागचा १०६४ नॅनोमीटरचा लेझर घेतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या ४ किलोमीटरच्या भुजांतही याच तरंगलांबीचा प्रकाश धावणार आहे.

१९६४चे नोबेल टाउन्स आणि सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ बासोव व प्रोखोरोव यांना मिळाले, १९८१च्या नोबेलमध्ये शॉलोंचाही वाटा होता. २००७ साली वारलेल्या मेमन यांना ते कधीच मिळाले नाही. त्यांनी मोजलेली ती लाल चमक मात्र अजून रोजच्या कामात आहे. हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये पदार्थ दाबून त्यावर अफाट दाब आणणारे शास्त्रज्ञ त्यात माणकाचा एक कण टाकतात. दाब वाढला की ६९४.३ची रेषा ठरावीक प्रमाणात सरकते, दर गिगापास्कलला सुमारे ०.३६ नॅनोमीटर. त्यावरून दाब वाचतात. लेझर म्हणून मागे पडलेले माणिक मोजमापाचे साधन म्हणून १९७०च्या दशकापासून आजवर टिकून आहे.