पाणबुडीचा तोल

पेलाभर पाण्यात कोंबडीचे कच्चे अंडे सोडा. ते तळाशी जाऊन बसेल. आता त्या पाण्यात थोडेथोडे मीठ घालून हलकेच ढवळत जा. एक वेळ अशी येते, की अंडे तळ सोडते आणि पाण्यात अधांतरी राहते. आणखी चिमूटभर मीठ पडले, की ते वर येते. अंड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन अंड्याच्या वजनाइतके झाले, की ते बुडतही नाही आणि वरही येत नाही. हेच आर्किमिडीजचे तत्त्व.

पाणबुडी याच अवस्थेत राहून लढते. मात्र समुद्राची घनता बदलणे तिच्या हाती नसते. म्हणून तिला स्वतःचे वजन बदलावे लागते. हे काम किती नाजूक आहे, हे जर्मन आरमाराच्या ‘यू-९’ या पाणबुडीच्या कहाणीवरून चांगले समजते.

रॉकेलची इंजिने

यू-९ डान्झिग येथील सरकारी गोदीत बांधली गेली. हे शहर म्हणजे आजच्या पोलंडमधील ग्दान्स्क. फेब्रुवारी १९१० मध्ये तिला पाण्यात सोडण्यात आले. तिची लांबी सुमारे ५७ मीटर होती. पाण्यावर तरंगताना ती ४९३ टन पाणी बाजूला सारीत असे आणि पूर्ण बुडाल्यावर ६११ टन. म्हणजे बुडी मारण्यासाठी टाक्यांमध्ये सुमारे ११८ टन समुद्राचे पाणी घ्यावे लागे. वर येताना हेच पाणी दाबाखालील हवेने बाहेर ढकलले जाई.

पाण्यावर चालताना तिची इंजिने रॉकेलवर चालत. बंद जागेत पेट्रोलची वाफ केव्हा पेट घेईल याचा नेम नसतो, आणि जर्मन पाणबुड्यांसाठी भरवशाचे डिझेल इंजिन तेव्हा तयार झालेले नव्हते. पण रॉकेलचा पांढरा धूर दूरवरून दिसे आणि पाणबुडी लपविण्याचा हेतूच फसे. बुडी मारण्यापूर्वी धुराडेही खाली घ्यावे लागे. पाण्याखाली इंजिनाला हवा मिळत नाही, म्हणून तेथे बॅटरीवर चालणाऱ्या विजेच्या मोटरी वापरीत. त्यांवर यू-९ ताशी जास्तीत जास्त १५ किलोमीटर जाई.

तिच्याजवळ सहा पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, असत. दोन नळ्या पुढे आणि दोन मागे. एक पाणतीर साधारण पाऊण टनाचा. तो सुटला, की रिकाम्या नळीत पाणी शिरते, पण त्याने वजनाची पूर्ण भरपाई होत नाही. राहिलेल्या वजनाइतके पाणी ताबडतोब टाकीत घ्यावे लागते. त्यात क्षणाचा उशीर झाला, की पाणबुडीचे हलके झालेले नाक वर उसळते. नाक टोकाला असल्यामुळे तेथील थोड्या वजनाचाही परिणाम मोठा होतो. सी-सॉवर अगदी टोकाला बसलेले लहान मूल मध्याजवळ बसलेल्या मोठ्या माणसाला उचलते, तसेच हे.

यावर उपाय म्हणजे माणसे! खलाशी पुढच्या टोकाकडे किंवा मागच्या टोकाकडे धावत जात आणि पाणबुडी सरळ करीत. त्यांच्या पळण्याने एकूण वजन बदलत नसे, बदले ती वजनाची जागा. कप्तान ओट्टो व्हेडिगेन याने जुलै १९१४ मध्ये पाण्याखालीच नळ्यांत नवे पाणतीर भरण्याचा सरावही करून घेतला होता.

२२ सप्टेंबर १९१४

पहिले महायुद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. हॉलंडच्या किनाऱ्यासमोर उत्तर समुद्रात अबूकीर, होग आणि क्रेसी या तीन जुन्या ब्रिटिश क्रूझर गस्त घालीत होत्या. प्रत्येक सुमारे १२,००० टनांची. वादळामुळे त्यांच्यासोबतच्या विनाशिका परतल्या होत्या. क्रूझर सरळ रेषेत, संथ गतीने चालल्या होत्या.

सकाळी सव्वासहानंतर अबूकीरला एक पाणतीर लागला. तिच्या कप्तानाला वाटले, सुरुंग लागला. त्याने इतर दोघींना मदतीला बोलावले. होग थांबली आणि तिने होड्या सोडल्या. व्हेडिगेनने तिच्यावर अगदी जवळून दोन पाणतीर सोडले. लगेच यू-९ चे नाक पाण्याबाहेर आले आणि बुडत्या होगच्या तोफा तिच्यावर चालू लागल्या. पाणबुडीत धावपळ झाली आणि ती पुन्हा खाली गेली. बॅटरी संपत आली होती. तरीही राहिलेले तीन पाणतीर क्रेसीवर सोडण्यात आले. त्यांतील दोन लागले.

दीड तासात तिन्ही जहाजे बुडाली. १,४५९ माणसे मेली, ८३७ वाचली. त्या जहाजांवर नाविक विद्यालयातली मुलेही होती, काही जेमतेम पंधरा वर्षांची. किट वाइकम-मस्ग्रेव्ह हा त्यांपैकीच एक. अबूकीर बुडताना त्याने पाण्यात उडी घेतली. तो होगवर पोहोचतो तोच तीही बुडू लागली. नंतर क्रेसीने त्याला उचलले आणि तीही बुडाली. तरी तो वाचला. बहुतेकांच्या वाट्याला असे दैव आले नाही. सोबत्यांना वाचविण्यासाठी जी जहाजे थांबली, तीच पाणबुडीला सोपे लक्ष्य ठरली. यानंतर ब्रिटिश आरमाराने मोठ्या जहाजांना असे थांबण्याची मनाई केली.

जर्मनीत व्हेडिगेनचा मोठा गौरव झाला. मार्च १९१५ मध्ये तो यू-२९ या नव्या पाणबुडीचा कप्तान होता. ब्रिटिश ताफ्यावर पाणतीर सोडल्यानंतर ही पाणबुडी ‘ड्रेडनॉट’ या युद्धनौकेच्या पुढ्यातच पृष्ठभागाशी आली. युद्धनौकेने तिला धडक दिली. व्हेडिगेन आणि त्याचे सर्व सोबती बुडाले. यू-९ मात्र युद्ध संपेपर्यंत टिकली. १९१६ पासून ती शिकाऊ खलाशांसाठी वापरली गेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ती ब्रिटिशांच्या ताब्यात गेली आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये मोडीत निघाली.