पातळ पत्रा कापणारा घरचा लेझर

घड्याळाचा काटा, मॉडेल रेल्वेच्या इंजिनाची जाळी, सर्किट बोर्डावर सोल्डर पेस्ट लावायचा स्टेन्सिल, अशा कामांना ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा लागतो. करवतीच्या दात्यात तो अडकतो, कात्रीने मुडपतो. त्यासाठी घरीच लेझर कटर जुळवायचा असेल तर आधी तरंगलांबी ठरवा. वॅटचं नंतर बघू.

लाकूड आणि अ‍ॅक्रिलिक कापणारी छोट्या दुकानांतली यंत्रं बहुतेक कार्बन डायऑक्साइड लेझरची असतात. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीतलं. पण या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, आणि उघडा धातू असा किरण जवळजवळ सगळाच परतवतो. फायबर लेझरची १.०६४ मायक्रॉन. पोलाद हा किरण बऱ्यापैकी शोषतं, शिवाय तेवढ्याच रुंदीचा किरण त्याच अंतरावर एकवटला तर ठिपका सुमारे दहापट बारीक पडतो. म्हणून धातूवर नाव कोरणाऱ्या मार्किंग मशीनमध्ये असतो तसला २० वॅटचा, स्पंदनं सोडणारा फायबर सोर्स घ्यावा.

आता २० वॅटमध्ये पोलाद कसं कापलं जातं? सेकंदाला २० हजार स्पंदनं धरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिलिज्यूल ऊर्जा येते. ती साधारण १०० नॅनोसेकंदांत बाहेर पडते, म्हणजे तेवढ्या क्षणापुरती ताकद १० किलोवॅट! ठिपक्याखालचा धातू वितळतो, त्यातला काही वाफ होऊन उडतो. एका फेरीत खोली फार मिळत नाही, त्यामुळे त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा जावं लागतं.

इथे किरण फिरवायचा कसा, हे ठरवावं लागतं. स्टेपर मोटर आणि बॉल स्क्रूचं टेबल बांधता येतं, पण जड टेबल प्रत्येक कोपऱ्यावर थांबून वळतं आणि तेवढ्या वेळात कोपरा जळतो. लहान भागांसाठी माझं मत गॅल्व्होच्या बाजूने आहे. दोन हलके आरसे, एक आडव्या दिशेला, एक उभ्या, आणि खाली एफ-थीटा भिंग. १०० मिलिमीटर फोकसच्या भिंगाखाली साधारण ७० मिलिमीटरचा चौकोन हाती येतो, ठिपका ३० मायक्रॉनच्या आसपास. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर रेखाचित्राच्या रेषा आरशांच्या कोनांत बदलून कंट्रोलर कार्डाला देतं.

फोकस कानानेही सापडतो. टाकाऊ पत्र्यावर किरण चालू ठेवून हेड सावकाश वर-खाली करा. बरोबर उंचीला ठिणगी पांढरी होते आणि आवाज कडक, तडतडणारा येतो.

खरी मेहनत पुढे आहे. ३० मायक्रॉनची चर थोडी खोल गेली की वितळलेला धातू काठांवर बसून तिला बुजवतो, मग कितीही फेऱ्या मारा, पत्रा तुटत नाही. उपाय असा, की एकाच रेषेऐवजी २० ते ३० मायक्रॉन अंतराने दोन-तीन समांतर रेषा काढायच्या, म्हणजे चर रुंद होते आणि धातू बाहेर पडतो. या रुंदीच्या निम्मं माप बाहेरच्या कडेला बाहेर आणि भोकाला आत सरकवून द्यावं लागतं, नाहीतर भाग लहान आणि भोक मोठं निघतं. आधी आतली भोकं कापा, बाहेरची कड शेवटी, आणि तिथे दोन-तीन बारीक टाके (न कापलेले दुवे) ठेवा. सुटा झालेला भाग उष्णतेने किंचित वर उचलला गेला तरी फोकस चुकतो. पातळ पत्रा चौकटीत ताणून बसवा, फेऱ्यांमध्ये क्षणभर थांबा. कडेवरचा बर शेवटी पॉलिश पेपरने जातो.

गॅल्व्होने काढलेला चौकोन सुरुवातीला कधी फुगलेला तर कधी कडेला खचलेला दिसतो. व्हर्नियरने बाजू मोजून सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्तीच्या तक्त्यात मापं भरली की तो सरळ होतो.

हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग तो पडद्यावर एकवटतंच. यंत्राला धातूची बंद पेटी हवी, दार उघडताच लेझर बंद करणारा स्विच हवा, आणि धूर बाहेर ओढणारा पंखा हवा. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमची विषारी संयुगं असतात. निळ्या डायोड लेझरसोबत मिळणारा स्वस्त चष्मा इथे कामाचा नाही. चष्म्यावर १०६४ नॅनोमीटर आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी) ६ किंवा जास्त असं छापलेलं नसेल, तर तो विकत घेऊ नका.