आवाजाची पेटी

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या अभयारण्याला लागून, चोरखमारा नावाचे एक लहान गाव आहे. तेथील जलाशयामुळे व अरण्याच्या प्रवेशद्वारामुळे हे नाव दूरच्या लोकांनाही ठाऊक झाले आहे. मी तेथे गेलो तो मात्र वाघ पाहावयास नव्हे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने घरच्या घरी दोन स्पीकर तयार केले होते, ते ऐकण्यास त्याने मला बोलाविले होते.

त्याच्या या खटाटोपास कारण होते. त्याचे आजोबा तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांतून कामे करीत. धानाची कापणी झाली की या भागात गावोगाव रात्रभर नाटके होतात, आणि शेवटच्या रांगेतील माणसाला शब्द न् शब्द कळला पाहिजे असा नटांचा कटाक्ष असतो. आता आजोबांना ऐकू कमी येऊ लागले होते. दूरदर्शन संचाचा आवाज कितीही वाढविला तरी संवाद त्यांना उमगत नसत. आजकालचे संच पाटीसारखे पातळ असतात. त्यांत स्पीकरला जागा ती कितीशी उरणार? बाजारातील ‘होम थिएटर’ची किंमत ऐकून नातू परत आला आणि स्वतःच कामाला लागला.

स्पीकरचे अंतरंग अगदी साधे असते. कागदाचा एक शंकू, त्याच्या टोकाशी बारीक तारेचे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याभोवती लोहचुंबक. तारेतून विद्युत्प्रवाह उलटसुलट वाहू लागला म्हणजे वेटोळे पुढेमागे हालते, त्याबरोबर शंकू हालतो व हवा ढकलली जाते. राइस आणि केलॉग या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली ही रचना व्यवहारोपयोगी करून दाखविली. आजही बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात.

आता एक प्रयोग करून पाहा. सुटा स्पीकर हातात धरून वाजवा. आवाज चिरका व पोकळ येईल. मग तोच स्पीकर मोठ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात बसवा. आवाज लगेच भरदार होईल. असे का व्हावे? शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. समोरची दाबलेली हवा कडेवरून वळून मागची उणीव भरून काढते आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारून टाकतात. सेकंदाला ५० कंपनांच्या खर्जाच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. अशा लाटेला वीतभर स्पीकरला वळसा घालणे म्हणजे काहीच नव्हे. ३४०० कंपनांच्या लाटेची लांबी अवघी १० सेंटिमीटर. तिचे नुकसान फारसे होत नाही. म्हणून सुट्या स्पीकरचा खर्ज तेवढा नाहीसा होतो. मागची लाट कोंडून ठेवणे हेच पेटीचे पहिले काम होय.

येथे पुष्कळांची चूक होते. तंबोऱ्याच्या भोपळ्याने गाणाऱ्या तारेला साथ द्यावी, स्वतः घुमावे, हे योग्यच आहे. तंबोरा वाद्य आहे. स्पीकरची पेटी वाद्य नव्हे. तिने स्वतः मौन पाळावयाचे असते. खेड्यांतील मुले माठाच्या तोंडावर स्पीकर ठेवतात. आवाज घुमतो खरा, पण त्यात माठाचा स्वतःचा एक सूर मिसळलेला असतो. रिकाम्या माठाच्या तोंडावर फुंकर घातली की तोच सूर ऐकू येतो.

माझ्या विद्यार्थ्याचेही प्रथम असेच झाले. त्याने पातळ फळ्यांची भलीमोठी पेटी केली आणि ती खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. कोपऱ्यातील भिंती खर्ज आणखी वाढवितात, त्यामुळे छपराची कौले थरथरू लागली. आजोबा म्हणाले, “गडगडाट तर पुष्कळ झाला रे बाबू, पण बोलणे कोठे आहे?”

म्हाताऱ्यांचे श्रवण बहुधा उंच स्वरांकडून कमी होत जाते, आणि स, श, त, क ही व्यंजने ओळखू येतात ती त्या उंच स्वरांवरूनच. खर्ज वाढविल्याने शब्द उलट बुडतात. हे कळल्यावर त्याने पेटी मोडली.

दुसऱ्या खेपेस त्याने ६ इंची स्पीकरसाठी १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घेतले. आतून २० सेंटिमीटर रुंद, २० खोल व ३० उंच, म्हणजे १२ लिटरची पेटी. सांधे सरसाने व खिळ्यांनी पक्के केले, आत आडवी पट्टी ठोकली आणि जुन्या गादीतला कापूस सैल पसरून भरला. उंच स्वरांसाठी वर एक लहान स्पीकर बसविला. ८ ओहमच्या त्या स्पीकरच्या वाटेत ४.७ मायक्रोफॅरडचा ध्रुवहीन कपॅसिटर घातला, की सुमारे ४२०० कंपनांच्या खालचा जोर अडतो व त्याचा नाजूक पडदा फाटत नाही. ॲम्प्लिफायर मात्र तयार विकत आणला. २३० व्होल्टशी खेळ नको, हे त्याने शाळेतले ऐकलेले अजून लक्षात ठेवले होते!

दोन्ही पेट्यांच्या तारा एकाच रीतीने जोडाव्या लागतात. एक उलटी जोडली तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो व खर्ज पुन्हा नाहीसा होतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर स्पीकरच्या टोकांना लावावा. शंकू पुढे आला म्हणजे सेलची धन बाजू जिकडे असेल ते टोक धन समजावे.

पेट्या त्याने कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे आणल्या आणि खाटेवर बसलेल्या आजोबांच्या कानांच्या उंचीवर ठेवल्या. मी गेलो तेव्हा एक जुने नाटक लागले होते. आजोबा संवाद ऐकून ओठांतल्या ओठांत पुढचे वाक्य म्हणत होते. उजव्या पेटीतून मधूनच बारीक शीळ येई. तार जाण्याच्या भोकातून हवा सुटत होती. नातवाने मेण मळून ते भोक बुजविले आणि आजोबांनी आवाज थोडा कमी करावयास सांगितले.