दोन लेकी, दोन तऱ्हा

एक घर डोळ्यांपुढे आणा. दोन खणांचे घर. पुढे ओटा, मागे परसू. पाच एकर कोरडवाहू जमीन. घरात नवराबायको, म्हातारी आजी आणि दोन लेकी. थोरली आठ वर्षांची. ती तिसरीत शिकते. धाकटी पाच वर्षांची. ती अंगणवाडीत जाते.

असे घर तुमच्या आळीतही असेल. कदाचित ते तुमचेच असेल.

सकाळ होते. आईने एकदा हाक मारली की थोरली उठते. आपली वाकळ घडी करून ठेवते. चुलीपाशी गुपचूप बसते. चहा दिला तर पिते. विसरला तर मागत नाही.

धाकटीला चार हाका माराव्या लागतात. पण ती उठली की सारे घर उठते. "माझी वेणी आधी घाल!" "ताईनं माझी रिबीन घेतली!" शेजारची म्हातारी हसून म्हणते, "तुमच्या घरी कोंबडा कशाला पाळायचा?"

बाजारच्या दिवशी मामा येतो. धाकटी वेशीपर्यंत धावते. मामाच्या हातातली पिशवी ओढते. थोरली दाराआड उभी राहते. मामा म्हणतो, "ही अशी घुमी कशी गं?" धाकटीच्या हाती रेवड्यांची पुडी पडते. "दोघी मिळून खा," मामा सांगतो. किती रेवड्या थोरलीपर्यंत पोचतात, ते कोणी मोजत नाही.

आता आईचे बोलणे ऐका. सकाळी ती धाकटीला म्हणते, "ताईकडे बघ. किती शहाणी! आवाज तरी येतो का तिचा?" संध्याकाळी तीच आई थोरलीला म्हणते, "बहिणीकडे बघ. किती चटपटीत! तू आपली मूग गिळून बसतेस." एकाच दिवसात दोघींना सांगून झाले की तू दुसरीसारखी हो. बिचाऱ्या पोरींनी करावे तरी काय?

तुम्ही म्हणाल, आई एक, बाप एक, चूल एक. मग लेकी अशा वेगळ्या कशा?

त्याचे कारण असे. आईबापांच्या अंगचे गुण बीजातून मुलाकडे येतात. अर्धे आईकडून, अर्धे बापाकडून. पण दर मुलाला तेच अर्धे येतात असे नाही. एका पोत्यात दहा तऱ्हांचे धान्य मिसळले आहे असे समजा. त्यातून दोनदा मूठ भरा. पोते एकच, पण दोन मुठी कधी सारख्या निघतील का? तसेच हे आहे.

शिवाय घर तरी दोघींसाठी एक कुठे असते? थोरली जन्मली तेव्हा आई नवखी होती. पोर शिंकले तरी ती घाबरायची. धाकटीच्या वेळी आईचा हात बसलेला होता. धाकटीला जन्मल्यापासून बहीण मिळाली. थोरलीला बहीण मिळाली, पण आईची मांडीही वाटून द्यावी लागली. घर तेच, पण दोघींच्या वाट्याला आलेले दिवस वेगळे.

ही गोष्ट डॉक्टरांनीही तपासून पाहिली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क नावाचे मोठे शहर आहे. तिथे अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे डॉक्टर नवराबायको होते. १९५६ साली त्यांनी एक काम हाती घेतले. सव्वाशेहून जास्त मुलांवर त्यांनी तान्हेपणापासून नजर ठेवली. मूल कसे झोपते, नवा माणूस दिसला की काय करते, राग आला की किती रडते, हे आईबापांना विचारून लिहून ठेवले. मुले मोठी होईपर्यंत हे काम चालले.

त्यांना काय दिसले? शंभरातली सुमारे ४० मुले लवकर रुळणारी निघाली. सुमारे १५ मुले नव्या गोष्टीला बिचकणारी होती. ती हळूहळू, आपल्या वेळाने पुढे येत. सुमारे १० मुले तापट होती. त्यांचे रडणेही मोठे आणि हट्टही मोठा. बाकीची मिसळ स्वभावाची.

पण त्यांनी सांगितलेली खरी गोष्ट पुढेच आहे. कोणताही स्वभाव मुळात वाईट नसतो. मुलाचा स्वभाव एक आणि घराची अपेक्षा दुसरी, असे झाले की घोटाळा होतो. बिचकणाऱ्या मुलाला पुढे ढकलले की ते आणखी मागे सरते. तापट मुलाला बडवले की ते आणखी पेटते.

हे आपल्याला नवे नाही. रानात आपण ज्वारी आणि तूर एकत्र पेरतो. ज्वारी आधी निघते. तूर मागाहून येते. ज्वारी कापताना आपण तुरीला म्हणतो का, "बघ जरा ज्वारीकडे"? पिकाच्या बाबतीत आपल्याला हे शहाणपण आहे. ते लेकरांच्या बाबतीतही हवे.

आता पुढचे ऐका. वरचे सारे वाचून कोणी म्हणेल, "थोरली गप्प आहे ना? असू दे. तिचा स्वभावच तसा." इथेच माणूस फसतो. त्या घरातही तेच झाले.

पावसाळ्यानंतर शाळेतून निरोप आला. "मुलीचं लक्ष नाही. विचारलं तर उत्तर देत नाही." आई म्हणाली, "तिचं असंच आहे." आजी म्हणाली, "घरकाम छान करते. शाळा नसेल जमत तर राहू द्या. घरी हाताशी होईल." कोणाच्या मनात वाईट नव्हते. पण बघा, एका पोरीची शाळा सुटायची वेळ आली. आणि ती पोर स्वतः एक शब्द बोलली नव्हती.

बापाने एक बरे केले. रविवारी तो तिला घेऊन रानात गेला. वाटेत त्याने काही विचारले नाही. दोघे बांधावर शेंगा तोडत बसले. गप्प स्वभावाच्या मुलाला समोर उभे करून विचारले की त्याची जीभ टाळूला चिकटते. पण हात कामात असले, शेजारी आपले माणूस असले, की बोल आपोआप फुटतो. बऱ्याच वेळाने थोरली म्हणाली, "बाबा, मला पुढं बसवायला सांगा ना. बाई काय बोलतात, ते मला ऐकू येत नाही."

बाप चमकला. मग त्याला आठवले. पावसाळ्यात पोरीचा कान वाहत होता. एकदा ती म्हणाली होती, "कान दुखतो." आईने कोमट तेल घातले. पोर पुन्हा काही बोलली नाही. सगळ्यांना वाटले, बरे झाले.

धाकटीच्या पायात काटा गेला तर सारी आळी गोळा होते. मूल रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही, असे आपण म्हणतो. मग जे मूल रडतच नाही, त्याने काय करावे?

दुसऱ्या दिवशी आईबाप थोरलीला आरोग्य केंद्रात घेऊन गेले. धाकटीही हट्टाने आली. आईने या वेळी तिला रागे भरले नाही. केसपेपर तिच्या हाती दिला आणि म्हणाली, "हा सांभाळ. हरवू नकोस." धाकटी दोन तास कागद छातीशी धरून बसली. ज्या पोरीच्या अंगात जोर आहे, तिला काम द्या. नाही तर ती आपले काम आपणच शोधते, आणि ते आपल्याला आवडतेच असे नाही.

डॉक्टरीण बाईंनी थोरलीला विचारले, "कोणता कान दुखतो?" थोरली बोलायच्या आत धाकटी म्हणाली, "डावा!" आई म्हणाली, "ताईला सांगू दे." सगळे थांबले. मग थोरलीने हळूच डावा कान दाखवला. "रात्री जास्त दुखतो," ती म्हणाली. एवढे एक वाक्य तिने बोलावे म्हणून सगळ्यांना थोडे थांबावे लागले. एवढेच पुरे होते.

कानात पू झाला होता. बाईंनी औषध दिले. त्यांनी बजावून सांगितले, "वाहत्या कानात तेल घालू नका. काडी घालू नका. अंघोळ घालताना कानात पाणी जाऊ देऊ नका. सांगितलं त्या दिवशी पुन्हा दाखवायला या." दोन-तीन खेपा झाल्या. कान बरा झाला. थोरली पुढच्या बाकावर बसू लागली. शाळा चालू राहिली.

आता ती बडबडी झाली का? नाही. ती गप्पच आहे. तो तिचा पिंड आहे. पण तिचे ऐकू न येणे हा काही पिंड नव्हता. तो आजार होता. पिंड कोणता आणि आजार कोणता, हे ओळखणे आईबापांच्या हाती आहे.

ते कसे ओळखावे? पिंड पहिल्यापासून असतो. पण खेळणारी पोर एकाएकी गप्प झाली, तर काही बिघडले आहे असे समजा. हाक मारली तर वळत नाही, फळ्यावरचे दिसत नाही, चालताना धाप लागते, चेहरा पांढरा पडला आहे, तर दवाखाना गाठा. अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांना एकदा डॉक्टरांनी तपासावे, अशी सरकारची योजना २०१३ सालापासून आहे. त्या दिवशी मुलीला घरी ठेवू नका. आणि एखाद्या माणसाचे नाव काढले की पोर घाबरते, एखाद्या घरी जायला एकदम नको म्हणते, तर तिला दटावू नका. जवळ बसवून विचारा. ती सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मदत लागली तर १०९८ या नंबरावर फोन लावता येतो. त्याला पैसे पडत नाहीत.

धाकटीसारख्या मुलीचे काय? तिलाही एक धोका आहे. मुलगा मोठ्याने बोलला तर आपण म्हणतो, "धीट आहे." मुलगी बोलली तर म्हणतो, "मुलीच्या जातीला एवढा आवाज शोभत नाही." गुण तोच, पण एकाचे कौतुक आणि दुसरीला चापट. उद्या अन्याय झाला तर हाच आवाज तिच्या कामी येणार आहे. तो दाबू नका. त्याला वळण द्या.

वळण मारून लागत नाही. आधी सांगून लागते. "अजून एक डाव खेळ, मग अंघोळ," असे सांगितले की तापट मूल मनाची तयारी करते. "हा झगा घालतेस की तो?" असे विचारले की त्याला आपला मान राहिला असे वाटते. राग भरात असताना उपदेश करू नये. राग उतरला की दोन शब्द पुरतात.

आणि थोरलीसारख्या मुलीला "शहाणी, शहाणी" म्हणून सगळे काम तिच्या गळ्यात घालू नका. पाणी तिने आणावे, भांडी तिने घासावी, बहिणीला तिनेच सांभाळावे, हा कुठला न्याय? ती नाही म्हणत नाही, म्हणून तिला कष्ट होत नाहीत असे नाही.

आपल्याच मुलखातली एक गोष्ट सांगतो. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी गावी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गरीब वस्तीतली पोरे बालवाडीत येईनात. तेव्हा या बायांनी पोरांना नावे ठेवली नाहीत. त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणातच शाळा भरवली. अंगणवाडी हे नाव तिथून आले. पोर आपल्याकडे येत नसेल, तर आपण पोराकडे जावे. शाळेला जे जमले, ते घराला का जमू नये?

त्या घरात आता एक रीत पडली आहे. जेवण झाले की बाप थोडा वेळ थोरलीपाशी बसतो. आई धाकटीपाशी बसते. दुसऱ्या दिवशी उलट. धाकटी सगळ्या दिवसाचा हिशेब सांगते. थोरली कधी बोलते, कधी बोलत नाही. पण तिला ठाऊक आहे की ही वेळ तिची आहे.

परवा मामा पुन्हा आला. धाकटी वेशीपर्यंत धावली. थोरली दाराआडच उभी राहिली. मामाने या वेळी दोन पुड्या आणल्या होत्या. एक त्याने धाकटीच्या हातात दिली. दुसरी घेऊन तो ओट्यावर बसला आणि शेंगा सोलू लागला. थोड्या वेळाने थोरली बाहेर आली. मामाच्या शेजारी बसली. तीही शेंगा सोलू लागली.

भाकरी दोघींना सारखी. शाळा दोघींना सारखी. माया दोघींना सारखी. बोलवायची तऱ्हा मात्र जिची तिची.