आबांचा कान

फोटो समोर ठेवून आबांचा अर्धपुतळा मातीत घडवायला बसलो. चेहरा जुळत आला, पण माणूस येईना. तापी लाइनच्या गाडीनं अमळनेरकडून सुरतेला आलेला, नवागामात खोली घेऊन जन्मभर लूम चालवलेला माणूस. सासवण्याला विनायक करमरकरांची शिल्पं पाहिली आहेत. त्यांच्या हाताखाली कातडी जिवंत होते. माझ्या हातून ते होणार नव्हतं आणि आबांना ते पुरतंही नव्हतं.

मग भंगारातून लूमचे तुटके भाग आणले. धोटा, फणीचा तुकडा, दातेरी चाक, जकार्डची भोकांची कार्डं. एदुआर्दो पाओलोत्झी या ब्रिटिश शिल्पकारानं १९५६चं 'शॅटर्ड हेड' मेणाचे पत्रे जोडून केलं होतं. तीच वाट धरली.

ओल्या मातीच्या लादीवर फणी दाबली की बारीक समांतर रेघा उमटतात. वर वितळलेलं मेण ओतायचं. निवलं की चार-पाच मिलिमीटरचा पत्रा सोलून निघतो, रेघा आता उठावात. गरम सुरीनं कापायचा, वाकवायचा, तापवलेल्या पट्टीनं सांधायचा. उन्हाळ्यात दुपारी मेण सैल पडे. एकदा भुवई डोळ्यावर उतरली, तेव्हापासून पहाटेच बसू लागलो.

कपाळ फणीचं झालं, गालफड धोट्याच्या कडेचं. कानाला मात्र आठवडे गेले. लूमच्या खात्यातल्या खडखडाटापायी आबा कानात कापसाचा बोळा घालत, आणि घरी आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलत असू. दातेरी चाकाचा पत्रा अर्धा दुमडला तेव्हा कान सापडला.

मेणाचं डोकं अडीच किलो भरलं. ब्रॉन्झ मेणाच्या नऊपटीहून जड, म्हणजे तेवीसेक किलो धातू, ओतायच्या नळ्यांत राहतो तो वेगळा. आत गाभा, बाहेर साचा. भट्टीत मेण जळून गेलं आणि त्या पोकळीत नऊ भाग तांबं, एक भाग कथील, ११०० अंशांच्या आसपास तापलेलं, ओतलं.

ओतकामाचा कारागीर सांधे कानशीनं सपाट करायला निघाला. मी त्याचा हात धरला. ते सांधे हवेच होते.

पुतळा घरी आला. आईनं कपाळ, गाल काही पाहिलं नाही. कानाच्या खाचेत बोट घालून म्हणाली, "आठे कापूस ऱ्हाये त्यास्ना."