घड्याळाची खतावणी

कराड शहराला लागून, पुणे-बंगळुरू महामार्गाच्या दोन्ही अंगांना वाढलेल्या मलकापूरने मोजमापाच्या बाबतीत महाराष्ट्रात नाव मिळविले आहे. चोवीस तास पाणी, आणि तेही मीटरने मोजून, ही येथील योजना सर्वत्र वाखाणली गेली. ज्या गावात पाण्याचाही हिशेब लागतो, त्या गावच्या व्यापारी कुटुंबांना मनगटावरच्या घड्याळाचा हिशेब अवघड जाऊ नये. तरीही तो अवघड जातो. वेळ मोजणाऱ्या या वस्तूची स्वतःची किंमत मोजताना भले भले अडखळतात.

एके काळी प्रश्न सोपा होता. लग्नात नवरदेवाला सासरकडून घड्याळ येई. ते बहुधा एचएमटीचे असे, आणि तेच आयुष्यभर पुरे. परदेशी घड्याळ म्हणजे कुणीतरी आखातातून आणलेले किंवा चोरट्या वाटेने आलेले. आज पुण्या-मुंबईच्या दालनांत काही हजारांपासून काही लाखांपर्यंतची घड्याळे काचेमागे मांडलेली असतात. पेढीवर नव्याने बसू लागलेला तरुण तेथून आठ-दहा लाखांचे घड्याळ घेण्याची इच्छा व्यक्त करतो आणि वडिलांनी विचारण्याआधीच उत्तर देतो, ‘ही गुंतवणूक आहे.’ खरी गोम या एका शब्दात आहे. घड्याळ घ्यावे की न घ्यावे हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि आवडीचा भाग झाला. पण ते खतावणीत कोणत्या सदराखाली लिहावे, याबद्दल व्यापाऱ्याच्या घरात तरी संदिग्धता असू नये.

प्रथम वेळेचाच विचार करू. चावीच्या घड्याळात एक गुंडाळलेली कमान हळूहळू सैल होत जाते आणि तिच्या जोरावर तोलचक्र इकडून तिकडे झुलते. जुन्या एचएमटीत हे झोके सेकंदाला पाच असत. आजच्या महागड्या स्विस घड्याळांत ते साधारणतः आठ असतात. सेलच्या घड्याळातील क्वार्ट्झचा बारीकसा स्फटिक मात्र एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. अशा तंत्राचे पहिले मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीस ठेवले. त्याची किंमत ४,५०,००० येन, म्हणजे त्या काळच्या एका छोट्या मोटारीइतकी होती. पुढील दहा-पंधरा वर्षांत हेच तंत्र इतके स्वस्त झाले की, स्वित्झर्लंडमधील घड्याळ उद्योगातील निम्म्याहून अधिक कामगारांची रोजी गेली.

अचूकतेचे प्रमाणपत्र मिळविणाऱ्या स्विस यांत्रिक घड्याळास दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी चूक क्षम्य मानली जाते. दिवसाला चार सेकंद म्हटले तरी महिन्याला दोन मिनिटे झाली. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारे सेलचे साधे घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंदांहून अधिक चुकत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक करणाऱ्या श्रावकाला दोन्ही सारखीच उपयोगी, किंबहुना स्वस्तातले थोडे अधिकच. म्हणजे काही हजारांच्या पुढे मोजलेल्या पैशांत अचूक वेळ अधिक मिळत नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

येथे सराफी करणाऱ्या वाचकांसाठी थोडे विषयांतर. तबकडीवर ‘१७ ज्युएल’ असे छापलेले पाहून घड्याळात मौल्यवान खडे असल्याची समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांशी माणकाच्या बारीक बैठका बसवितात, त्या या ज्युएल. फ्रान्समधील वेर्नय यांनी १९०२ मध्ये कृत्रिम माणूक तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यानंतर या बैठका कृत्रिम माणकाच्याच होऊ लागल्या, आणि त्यांना सराफाच्या काट्यावर काहीही मोल नाही.

मग जास्तीचे पैसे जातात कोठे? काही भाग खरोखर हातच्या कामात जातो. पोलादाच्या कडा घासून आरशासारख्या करणे, शंभर-दोनशे सूक्ष्म भाग एकमेकांत बसविणे, पन्नास वर्षांनीही उघडून पुसून पुन्हा चालू करता येईल अशी रचना ठेवणे, या गोष्टी स्वस्तात होत नाहीत. या कामाचे ज्याला कौतुक आहे त्याने त्यासाठी पैसे मोजले, तर त्याला उधळ्या म्हणणे अन्यायाचे ठरेल. पैठणीचे मोल वारावर ठरत नाही, तसेच हे. मात्र किंमत जसजशी चढते, तसतसा कामाचा वाटा घटून नावाचा वाटा वाढत जातो.

नाव ही विकाऊ वस्तू आहे, हे घड्याळाच्या व्यवसायात जितके उघड दिसते तितके क्वचितच अन्यत्र. १८६५ पासून हिंदुस्थानात घड्याळे विकणाऱ्या फाव्र-लुबा या स्विस कंपनीचे नाव मुंबईतील जुन्या पिढीला चांगले परिचित होते. १७३७ पासूनचा वारसा सांगणारे हे नाव टाटा समूहातील टायटनने २०११ मध्ये सुमारे वीस लाख युरोंना विकत घेतले आणि काही वर्षांनी ते पुन्हा दुसऱ्या भारतीय मालकाकडे गेले. त्याच्या दोनच वर्षे आधी, मार्च २००९ मध्ये, न्यूयॉर्कच्या लिलावात महात्मा गांधींचे झेनिथ कंपनीचे खिशातले घड्याळ, त्यांचा चष्मा, चपला, ताटली व वाडगा अशा वस्तू एकत्रित अठरा लाख डॉलरना गेल्या. एकीकडे पावणेतीनशे वर्षांची पेढी आणि दुसरीकडे जवळजवळ काहीच न बाळगणाऱ्या माणसाच्या चार वस्तू. आकडे जवळपास सारखेच. त्या लिलावात घड्याळाच्या यंत्राला पैसे मिळाले नाहीत. ते कोणाच्या खिशात होते, याला मिळाले.

संग्रहाचे शास्त्र याच पायावर उभे आहे, आणि ते स्वित्झर्लंडला न जाताही करता येते. मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीने ‘सोवर’, म्हणजे आपला ‘स्वार’, या नावाचे घड्याळ काढले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते हिंदी सैनिकांच्या मनगटांवर दिसू लागले. सातारा जिल्हा तर सैनिकांचाच. एकट्या अपशिंगे मिलिटरी या गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. अशा गावातील एखाद्या घरी जुन्या ट्रंकेत आजोबांचे घड्याळ निघाले आणि सोबत त्यांचे सैन्यातून निवृत्तीचे कागद, पदक किंवा ते घड्याळ बांधलेले छायाचित्र असेल, तर त्याची योग्यता त्याच बनावटीच्या बेवारस घड्याळाहून निराळी ठरते. दारावर येऊन ‘बंदच आहे, दोन हजार देतो’ म्हणणाऱ्याला ते देऊ नये. ते चकचकीतही करून घेऊ नये. जुन्या तबकडीला रंग दिला की संग्राहकाच्या लेखी तिचे मोल गेलेच.

एचएमटीची कथा याहून जवळची. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत तयार झालेली पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे ‘जनता’ हे चावीचे घड्याळ शिक्षक, कारकून आणि दुकानदार अशा सर्वांचे झाले. १९८४ मध्ये टायटन स्थापन झाली. तिने होसूरच्या कारखान्यातून सेलची, देखणी घड्याळे आणली आणि सरकारी कारखान्याची पीछेहाट सुरू झाली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. गंमत अशी की, बंद होण्याच्या बातम्या येऊ लागताच ज्यांनी वीस वर्षांत एचएमटीकडे पाहिले नव्हते, तेही ‘जनता’ शोधू लागले. भाव चढले. पण चढून किती? काहीशेंचे काही हजार झाले. त्यातून कोणाचे घर चालले नाही. ज्यांनी आवडीने दहा-पंधरा नमुने जमविले त्यांचा आनंद मात्र खरा आहे आणि तो स्वस्तात मिळालेला आहे. संग्रहाची हौस असणाऱ्याने आरंभ येथून करावा.

जुनी घड्याळे घेताना एका नावाची माहिती हवी, आणि ते नाव आपल्याच राजधानीचे आहे. जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द रूढ झाला आहे. चार-पाच मेलेल्या घड्याळांतून चालतील ते भाग काढायचे, एका पेटीत बसवायचे, तबकडी नव्याने रंगवून तिच्यावर प्रतिष्ठित स्विस कंपनीचे नाव छापायचे आणि ‘जुने, अस्सल’ म्हणून विकायचे, असा हा माल. साठ वर्षांपूर्वीचे म्हणविणाऱ्या घड्याळाची तबकडी कोरी करकरीत आणि भडक रंगाची असणे, अक्षरे जाड व फिसकटलेली असणे, तबकडीवरचे नाव एक आणि मागचे झाकण उघडल्यावर आतल्या यंत्रावरचे नाव दुसरेच असणे, ही त्याची ओळख. भाव मोहात पाडण्याइतका कमी असतोच. मेलेले यंत्र चालते करणाऱ्या कारागिराचे कसब कमी नाही, आणि ‘जोडून केलेले’ असे सांगून विकले तर त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते नाव छापण्यात. ज्या पेढ्यांवर मालाचा नमुना पाहिल्याशिवाय हळदीच्या पोत्याचा सौदा होत नाही, त्याच पेढ्यांवरचे लोक छायाचित्र पाहून घड्याळ मागवितात, हे आश्चर्य आहे.

आता ‘गुंतवणूक’ या शब्दाकडे. पॉल न्यूमन या अमेरिकन अभिनेत्याचे रोलेक्स डेटोना घड्याळ २०१७ मध्ये एक कोटी सत्त्याहत्तर लाख पन्नास हजार डॉलरना विकले गेले. त्याच्या पत्नीने ते अडीचशे-तीनशे डॉलरना घेतले होते. ही कथा प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असते. २०२२ च्या पूर्वार्धात काही गाजलेल्या घड्याळांचे दुय्यम बाजारातील भाव शिखरावर गेले आणि नंतर कित्येक महिने घसरत राहिले, ही कथा मात्र कोणी सांगत नाही.

कागदावर हिशेब मांडावा. दहा लाख रुपये सात टक्के दराने, वार्षिक चक्रवाढीने दहा वर्षे ठेवले तर सुमारे १९ लाख ६७ हजार होतात. तेव्हा दहा लाखांचे घड्याळ दहा वर्षांनी एकोणीस लाखांना विकले तरी ठेवीची बरोबरी झाली नाही. त्यात पाच-सात वर्षांनी करावयाची साफसफाई आली. आतले तेल वापरले नाही तरी सुकते, आणि महागड्या घड्याळाची सेवा काही हजारांत भागेलच असे नाही. विकताना व्यापारी आपला नफा आणि जोखीम वजा करूनच भाव सांगणार. दरम्यान घड्याळ भाडे देत नाही, व्याज देत नाही, लाभांशही देत नाही. सोन्याच्या बांगडीवर बँक तासाभरात कर्ज मंजूर करते. घड्याळ तारण घेत नाही. हंगामात माल उचलण्यासाठी चार लाख कमी पडले, तर मनगटावरचे दहा लाख उपयोगाचे नाहीत.

करासंबंधीची एक चूक तर पेढीला महागात पडू शकते. काही जण घड्याळाचे बिल फर्मच्या नावे घेतात, खर्च वजा दाखवितात आणि १८ टक्के जीएसटीची वजावटही मागतात. व्यक्तिगत वापराच्या वस्तूवर ही वजावट मिळत नाही, आणि व्यक्तिगत खर्च हा व्यवसायाचा खर्चही ठरत नाही. ही रक्कम भागीदाराच्या उचल खात्यातच पडली पाहिजे. तेथे नोंद झाली की उरलेल्या भागीदारांनाही ती दिसते, आणि बहुतेक वेळा नको असते ती हीच गोष्ट. दोन लाखांवरच्या खरेदीस पॅन द्यावा लागतो आणि दोन लाख वा त्याहून अधिक रोख कोणाही विक्रेत्याला घेता येत नाही. दहा लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याने एक टक्का कर गोळा करण्याचा नियम २२ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. तो कर पुढे विवरणपत्रात जमा धरता येतो. परंतु खरेदीची नोंद आयकर खात्याकडे जाते, आणि त्या वर्षीचे दाखविलेले उत्पन्न तिच्याशी जुळावे लागते.

पट्ट्याबद्दल आपल्या वाचकांना सुचवायला हवे. महाग घड्याळांचे पट्टे पुष्कळदा मगरीच्या किंवा वासराच्या कातड्याचे असतात, आणि भेट देताना हे लक्षात राहत नाही. पोलादी साखळीचा किंवा कापडी पट्ट्याचा नमुना बहुतेक कंपन्यांकडे मिळतो, खरेदीपूर्वीच विचारावा.

ज्यांच्या घरी अशी घड्याळे आधीच आली आहेत, त्यांच्यासाठी अडचणीचा प्रसंग वाटणीचा असतो. तीन भावांत सोने तोळ्यांवर वाटता येते, जमीन गुंठ्यांवर, शेअर संख्येवर. घड्याळ एकाच्याच मनगटावर जाते, आणि मग त्याचा भाव कोणता धरायचा, यावर वाद होतो. घेणाऱ्याला आजचा विक्रीचा भाव आठवतो, इतरांना दालनातली नवी किंमत. म्हणून मूळ बिल, हमीपत्र, अनुक्रमांक आणि दुरुस्तीच्या पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात, मृत्युपत्रात घड्याळाचा अनुक्रमांकासह उल्लेख करावा आणि ते कोणाकडे जावे हे मालकाने हयातीतच सांगून टाकावे. पेटी आणि कागद असलेल्या घड्याळाला विक्रीतही बरा भाव येतो. पेटी मात्र घरात सहसा सापडत नाही. तिच्यात बटणे किंवा सुया-दोरे भरलेले असतात.